परदेशातील संशोधनाचे दहा आठवडे

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे आंबे, लग्नकार्ये आणि कोकणची वाट येते. महाविद्यालयात शास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी मात्र अलीकडे सुट्टीचा विचार दिवाळी सरताच सुरू होतो. अमक्याचा मुलगा दोन महिने जिनीव्हाला जाऊन आला, तमक्याची मुलगी अमेरिकेत कुठल्याशा प्रयोगशाळेत होती, असे कानांवर येते. आणि मग आपल्या मुलानेही जावे, निदान अर्ज तरी करावा, असे आईबापांस वाटू लागते. हे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु ही उन्हाळी संशोधनवृत्ती, म्हणजे आपण जिला फेलोशिप म्हणतो ती, आहे तरी काय, ती कोण देतो, का देतो, आणि घेणाऱ्याच्या पदरात तिच्यातून काय पडते, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. आज त्याचाच थोडा विचार करावयाचा आहे.

सव्वा वर्षापूर्वीची, डिसेंबर महिन्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या वहिनी एका संध्याकाळी आपल्या कन्येला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगी पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्‌सी.च्या पहिल्या वर्षात शिकत होती. तिच्या हातात एक पत्र होते. छपाई सुबक, भाषा गोड. परदेशातल्या एका संस्थेने तिची सहा आठवड्यांच्या संशोधनासाठी निवड केली होती, आणि शुल्क भरण्यास पंधरा दिवसांची मुदत दिली होती. शुल्कात राहण्याजेवण्याचा खर्च धरलेला नव्हता. विमानभाडे तर नव्हतेच. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, माझ्या पाटल्या आहेत. मोडायच्याच झाल्या तर मोडू. पण हे खरं आहे ना, तेवढं सांगा."

मी मुलीला विचारले, "तू अर्जात काय लिहिलं होतंस?"

"काही नाही, काका. नाव आणि मार्क तेवढे कळवले होते."

"आणि तिथे जाऊन काम काय करणार?"

"ते तिथे गेल्यावर ठरेल, असं लिहिलंय."

ह्या दोन उत्तरांवरून मला त्या पत्राचा अंदाज आला. तो कसा आला, हे सांगण्यापूर्वी खरी संशोधनवृत्ती कशी असते ते आपण पाहू. अस्सल नाणे एकदा हाताने चाचपले, म्हणजे खोटे वाजवून पाहण्याचीही गरज पडत नाही.

उन्हाळ्यात दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाऊन संशोधन करण्याची चाल समुद्रकाठी वाढली. १८७२ साली आंतोन डोर्न नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने इटलीत नेपल्स येथे सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन केली. तिचा खर्च भागावा म्हणून त्याने एक युक्ती योजिली. विद्यापीठांनी आणि सरकारांनी वर्षासाठी एकेक टेबल भाड्याने घ्यावे. टेबलाबरोबर समुद्राचे पाणी, ताजे प्राणी, रसायने आणि लागेल ती मदत मिळे, आणि त्या टेबलावर कोणास बसवावयाचे हे भाडे भरणाऱ्याने ठरवावे. संशोधकाने यावयाचे ते आपला प्रश्न घेऊन. पुढल्याच वर्षी, १८७३ साली, लुई अगासी ह्या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज नावाच्या लहानशा बेटावर उन्हाळी शाळा भरविली. तीत पुरुषांच्या जोडीने स्त्रियाही होत्या, आणि पुस्तकाऐवजी प्रत्यक्ष प्राणी हाती घेऊन शिकण्यावर तिचा भर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस अगासी वारला आणि शाळाही फार काळ चालली नाही. पण १८८८ साली त्याच परिसरात वुड्स होल ह्या गावी सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, आणि आरंभीची वर्षे ती मुख्यतः उन्हाळ्यातच गजबजलेली असे. १९३० साली त्याच गावात सागरविज्ञानाची मोठी संस्था निघाली.

उन्हाळाच का, असे कोणी विचारील. युरोप-अमेरिकेत जूनपासून ऑगस्टपर्यंत विद्यापीठांचे वर्ग बंद असतात. प्राध्यापक शिकविण्यातून मोकळे असतात, विद्यार्थी परीक्षेतून सुटलेले असतात, आणि उपकरणे रिकामी असतात. ह्या तिहींचा एके ठिकाणी योग जुळून येतो तो त्याच दिवसांत.

ह्याच वुड्स होल गावात १९५९ साली एका निराळ्या उन्हाळी उपक्रमाचा आरंभ झाला, आणि सहा दशकांहून अधिक काळ तो चालत आला. माझ्या मते संशोधनवृत्ती म्हणजे काय, हे समजण्यास ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. त्याचा विषय भूभौतिक प्रवाहशास्त्र. म्हणजे वारे, सागरप्रवाह आणि पृथ्वीच्या पोटातील द्रवरूप धातू यांच्या हालचालींमागचे गणित. जॉर्ज व्हेरोनिस, विलेम माल्कस, मेल्विन स्टर्न, लुई हॉवर्ड, एडवर्ड स्पीगल आणि हेन्री स्टॉमेल ही मंडळी त्याच्या प्रारंभीच्या काळात अग्रभागी होती. कोणी सागरशास्त्रज्ञ, कोणी गणिती, कोणी ज्योतिर्विद. हा वर्ग भरे तो एखाद्या भव्य सभागृहात नव्हे, तर वॉल्श कॉटेज नावाच्या साध्या लाकडी घरात. एक व्याख्यानाची खोली, फळे, खडू, आणि बाहेर बोलत बसावयास ओसरी. दर उन्हाळ्यास सुमारे दहा विद्यार्थी निवडले जात. त्यांना दहा आठवड्यांचे विद्यावेतन आणि प्रवासासाठी साहाय्य मिळे. निवड देशावर अवलंबून नसे; निरनिराळ्या देशांतून विद्यार्थी येत.

आता ह्या दहा आठवड्यांत काय होई ते पाहा. पहिले दोन आठवडे एखादा निष्णात शास्त्रज्ञ त्या वर्षीच्या विषयावर व्याख्याने देई. विद्यार्थी ती आळीपाळीने लिहून काढीत, आणि ही टिपणे वर्षाच्या अहवालग्रंथात छापली जात. त्यानंतर रोज एखाद्या पाहुण्याचे व्याख्यान. व्याख्यान चालू असता मध्येच उठून शंका विचारण्यास मज्जाव नव्हता. उलट तोच तिथला रिवाज होता. ह्याच सुमारास प्रत्येक विद्यार्थ्याने वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांपैकी कोणास तरी गाठून स्वतःसाठी एक प्रश्न निवडावयाचा. उरलेले आठवडे तो प्रश्न आणि तो विद्यार्थी. संध्याकाळी सॉफ्टबॉलचा खेळ असे, आणि त्यात प्राध्यापकही धावत. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने फळ्यापाशी उभे राहून सर्वांसमक्ष आपले काम मांडावयाचे, आणि ते लिहून द्यावयाचे.

प्रश्न निवडणे हे वाचावयास सोपे वाटते, पण सर्व अवघड भाग तोच आहे. आपल्याकडे परीक्षेत प्रश्न दुसरा काढतो आणि आपण उत्तर लिहितो. सोळा-सतरा वर्षे हीच सवय. मग एके दिवशी कोणी म्हणते, "प्रश्न तूच आण," आणि भल्याभल्या हुशार विद्यार्थ्यांची बोबडी वळते. समजा, पुण्याचा एखादा विद्यार्थी अशा वर्गात गेला. तो पहिल्या आठवड्यात म्हणेल, मोसमी पाऊस मध्येच दडी का मारतो, ह्याचा मी शोध लावणार. वडीलधारे हसणार नाहीत. ते म्हणतील, फार चांगले, पण दहा आठवड्यांत होईल असे बोल. मग तो म्हणेल, बंगालच्या उपसागराच्या माथ्यावर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ, हलका थर असतो. त्यामुळे वाऱ्याने पाणी फार खोलवर घुसळले जात नाही, आणि समुद्राचा पृष्ठभाग उबदार राहून ढगांना वाफ पुरवितो. तेव्हा हे घुसळणे मी तपासीन. अजून मोठे आहे, असे उत्तर येईल. शेवटी चौथ्या आठवड्यात तो एवढ्यावर येईल, की एका टाकीत खाली खारे व वर गोडे पाणी असता वरून ठराविक जोराने ढवळले, तर मधली सीमा किती वेगाने खाली सरकते? हा प्रश्न दहा आठवड्यांत बसतो. पहिला प्रश्न वर्तमानपत्राचा होता. हा प्रयोगशाळेचा आहे. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत येणे, ह्यालाच संशोधनाचे शिक्षण म्हणतात.

लहान प्रश्न म्हणजे क्षुल्लक प्रश्न नव्हे, ह्याचा दाखला ह्याच मंडळींच्या इतिहासात आहे. १९५६ साली स्टॉमेलने आरन्स व ब्लँचर्ड ह्या दोन सहकाऱ्यांबरोबर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. मथळ्यातच त्यांनी त्याला सागरशास्त्रातले एक कुतूहल म्हटले होते. उष्ण प्रदेशांत पुष्कळ ठिकाणी समुद्राचे वरचे पाणी ऊन आणि अधिक खारे, तर खालचे थंड आणि कमी खारे असते. त्यांनी कल्पना केली, की अशा समुद्रात एक लांब नळी उभी सोडली आणि खालचे पाणी एकदा वर ओढून दिले, तर काय होईल? वर चढता चढता त्या पाण्याला नळीच्या भिंतीतून ऊब मिळेल, पण मीठ मिळणार नाही. म्हणजे ते भोवतालच्या पाण्याइतकेच ऊन, पण त्याहून कमी खारे, म्हणून हलके. ते आपले आप वर येत राहील. मिठाचे एक न थांबणारे कारंजे!

स्टर्नच्या ध्यानात असे आले, की ह्याला नळीची गरजच नाही. पाण्यात उष्णता मिठाच्या सुमारे शंभरपट वेगाने पसरते. तेव्हा नळीची भिंत जे काम करते, ते निसर्ग स्वतःच करतो. वरच्या ऊन खाऱ्या पाण्याचा एखादा धागा जरासा खाली उतरला, की त्याची ऊब शेजारच्या पाण्याकडे झटकन निघून जाते, पण मीठ त्याच्यापाशीच राहते. म्हणून तो जड होऊन आणखी खाली उतरतो. शेजारचा गोड्या पाण्याचा धागा ऊब घेऊन वर चढतो. अशा रीतीने बोटांसारख्या बारीक धारा शेजारी शेजारी वर-खाली जाऊ लागतात. १९६० साली त्याने हे गणिताने दाखविले. ह्या धारांना शास्त्रज्ञ मिठाची बोटे म्हणतात. पुढे ज्योतिषशास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की ताऱ्यांच्या पोटातही जड द्रव्य हलक्यावर येऊन बसले, तर हीच क्रिया घडू शकते. एक नळी आणि थोडे मीठ, एवढ्या भांडवलावर विचार ताऱ्यांपर्यंत पोचला.

हा प्रयोग कोणालाही स्वयंपाकघरात करून पाहता येईल. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत अगदी थंड पाणी घ्या. दुसऱ्या पेल्यात कढत पाणी घेऊन त्यात चिमूट-दोन चिमूट मीठ आणि थोडा खाण्याचा रंग विरघळवा. हे रंगीत पाणी थंड पाण्यावर चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडा. थोड्या वेळाने रंगाच्या बारीक धारा खाली उतरताना दिसू लागतील. मीठ फार झाले तर सगळेच पाणी बुडेल आणि प्रयोग फसेल. किती मीठ चालेल हे ठरविण्यासाठी चार पेले करून पाहावे लागतील, आणि ते चार पेले करून पाहणारे घरातले मूल संशोधनाच्या वाटेस लागले असे खुशाल समजावे.

त्याच परंपरेतले आणखी एक उदाहरण आपल्या ओळखीचे वाटेल. १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ ह्या हवामानशास्त्रज्ञाने तीन साध्या समीकरणांनी असे दाखविले, की नियम पक्के असूनही पुढचे भाकीत अशक्य होऊ शकते. माल्कस आणि हॉवर्ड यांनी ह्या समीकरणांचे एक यंत्र कल्पिले. रहाटगाडग्यासारखे एक चाक, त्याला पोहरे, पोहऱ्यांना बुडाशी भोके, आणि वरून एकसारखी पाण्याची धार. धार एकसारखी, पण चाक कधी डावीकडे फिरते, कधी थबकते, कधी उजवीकडे उलटते, आणि पुढे काय करील ते सांगता येत नाही. कागदावरील गहन विचार डोळ्यांना दिसेल असा करणे, हीदेखील तिथे शिकण्याजोगी विद्या होती.

ह्याच्या अगदी उलट प्रकृतीचे उदाहरण जिनीव्हाजवळील सर्न ह्या प्रयोगशाळेचे. तिथे उन्हाळी विद्यार्थ्यांचा उपक्रम १९६२ पासून आहे. पदवीची तीन वर्षे पुरी केलेले, पण पीएच.डी.कडे अजून न वळलेले, पदार्थविज्ञान, अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे विद्यार्थी तिथे आठ ते तेरा आठवडे राहतात. काही आठवडे सकाळी व्याख्याने, आणि एरवी दिवसभर एखाद्या तुकडीबरोबर काम. निर्वाहासाठी पैसे संस्था देते. वुड्स होलला विद्यार्थी एकटा एका प्रश्नापुढे बसे. सर्नला हजारो लोकांनी मिळून उभारलेल्या यंत्राचा एक खिळा त्याच्या हाती येतो. त्या खिळ्यात चूक राहिली तर ती कुणाला तरी, कधी तरी भोवणार, ही जाणीव हे तिथले शिक्षण. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सभासद आहे, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तिथल्या प्रयोगांत भाग घेत आले आहेत. तेव्हा आपल्याकडील विद्यार्थ्याला त्या कामाची माहिती विचारावयास फार लांब जावयास नको.

परदेश म्हणजे पश्चिमच, असेही समजण्याचे कारण नाही. अमेरिकी सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९० पासून आपले पदव्युत्तर विद्यार्थी उन्हाळ्यात जपानला पाठविण्यास सुरुवात केली. पुढे त्यात चीन, कोरिया, तैवान, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचीही भर पडली. सुमारे आठ आठवडे, विमानभाडे, आणि पाच हजार डॉलर्स विद्यावेतन. ती योजना आता बंद झाली आहे. पण तिच्यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. ज्ञान जिथे असेल तिथे विद्यार्थ्याने जावे, मग तो देश कोणत्याही दिशेस असो, ही पहिली. आणि अशा योजना निघतात तशा बंदही पडतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबून राहू नये, ही दुसरी. भारतातूनही अशी दारे वेळोवेळी उघडली आहेत. हरगोविंद खोराना ह्या नोबेल-विजेत्या शास्त्रज्ञाच्या नावाने २००७ साली निघालेल्या योजनेतून आपले जीवशास्त्राचे विद्यार्थी अमेरिकेतील प्रयोगशाळांत उन्हाळा घालवून आले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. पैसा संस्थेकडून विद्यार्थ्याकडे जातो. नेपल्सच्या टेबलाचे भाडेदेखील पाठविणारी संस्था भरी. ह्याचे कारण केवळ औदार्य नव्हे. संस्थेला उद्याचे संशोधक हवे असतात. ते पुस्तकी परीक्षेतून ओळखता येत नाहीत. दहा आठवडे शेजारी काम करविले म्हणजे ओळखता येतात. शिवाय नवखा विद्यार्थी असा एखादा प्रश्न विचारतो, की जो जाणत्यांनी विचारणे सोडून दिलेले असते. संस्था त्याच्याकडून काही अपेक्षिते, म्हणून ती खर्च करते. आणि खर्च करावयाचा म्हणून ती निवड जपून करते. जी संस्था तुमच्या प्रश्नाची चौकशी न करता निवड करते आणि वर शुल्क मागते, तिला तुमचे संशोधन नको आहे, तुमच्या पाटल्या हव्या आहेत.

न्यायाने बोलावयाचे तर एक भेद मात्र केला पाहिजे. कित्येक नामांकित संस्था उन्हाळ्यात अभ्यासवर्ग चालवितात आणि त्यांचे शुल्क घेतात. त्यात खोटे काही नाही. तिथे जाऊन पुष्कळ शिकावयास मिळते. पण ती शाळा आहे, संशोधनवृत्ती नव्हे. तिचा विचार शाळेसारखाच करावा. शिकविणार कोण, शिकविणार काय, सवलत मिळते का, आणि तेच शिक्षण घराजवळ मिळेल का, हे विचारावे. तसेच काही खऱ्या वृत्तींत विमानभाडे स्वतः सोसावे लागते. म्हणून पैशाच्या दिशेबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या. आपण ज्यांच्या हाताखाली काम करणार त्यांचे नाव पत्रात आहे काय? आणि काम कोणते हे तिथे लिहिले आहे काय? नाव असेल तर त्यांचे प्रसिद्ध झालेले निबंध शोधून वाचता येतात. नाव नसेल तर पत्र परत पाकिटात घालावे.

अर्जासंबंधी थोडे. बहुतेक वृत्तींची मुदत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास संपते, म्हणून तयारी दिवाळीनंतर लगेच हवी. अर्जाचा प्राण दोन कागदांत असतो: विद्यार्थ्याचे निवेदन आणि शिक्षकांचे शिफारसपत्र. निवेदनात लहानपणापासून आकाशाची ओढ होती असे लिहिणारे शेकडो असतात. त्यापेक्षा, अमुक प्रयोगात माझे आकडे पुस्तकाशी जुळेनात, मी तमुक करून पाहिले, आणि चूक अमक्या जागी सापडली, असे चार ओळींत लिहिणारा वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. शिक्षकमित्रांनाही एक विनंती. विद्यार्थी सुस्वभावी व कष्टाळू आहे, एवढ्याने परक्या माणसाला काही कळत नाही. त्याने एखादे काम कसे केले, ह्याचा एक प्रसंग लिहावा. आणि ज्याचे काम आपण पाहिलेच नाही, त्याला तसे सांगून दुसऱ्या शिक्षकांकडे पाठवावे. त्यात त्याचा फायदाच आहे.

एक अडचण आपल्या पंचांगाची आहे. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. त्यांचे आठवडे ऐन जून-जुलैत सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे कुठे परीक्षा लांबलेल्या असतात, कुठे नवे सत्र उघडलेले असते. निवड झाल्यावर महाविद्यालयाकडे धावाधाव करण्यापेक्षा अर्जाच्या वेळीच प्राचार्यांशी बोलून ठेवणे बरे. दुसरी अडचण प्रवेशपरवान्याची. प्रयोगशाळेत काम करावयाचे तर त्यासाठी असलेलाच परवाना घ्यावा, आणि त्याची कागदपत्रे बोलावणारी संस्था पाठविते. पर्यटक म्हणून या, मग पाहू, असे कोणी सुचविले, तर तेही पत्र वर सांगितल्याप्रमाणे पाकिटातच जावे.

इतके करूनही बहुतेकांना नकार येतो. जागा थोड्या आणि अर्ज फार, तेव्हा नकार म्हणजे नालायकी नव्हे, हे आईबापांनी आधी समजून घेतले पाहिजे; मुलांना मग ते समजावून सांगता येते. शिवाय ज्याला दहा आठवड्यांचे शिक्षण हवे आहे, त्याला ते इथेही मिळू शकते. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना व शिक्षकांना उन्हाळ्यात दोन महिन्यांच्या वृत्ती देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयुकात सुट्टीतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आहेत. पुण्यातच १९६२ साली स्थापन झालेली उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था आहे. मोसमी पावसाचा प्रश्न ज्याला लहान करून घ्यावयाचा असेल, त्याने तिथल्या कामाकडे आधी पाहावे. ह्या अर्जांच्याही मुदती हिवाळ्यातच संपतात.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगून हे भाषण पुरे करतो. त्या रात्री ते पत्र बाजूस ठेवले गेले आणि पाटल्या हातातच राहिल्या. तिने जानेवारीत चार ठिकाणी अर्ज केले. चारही ठिकाणांहून नकार आला. त्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "पैसे भरले असते तर निदान गेली तरी असती." त्यांच्या स्वरातला कडवटपणा मला समजत होता, आणि माझ्याजवळ त्यावर चटकन देण्याजोगे उत्तर नव्हते.

मे-जूनचे सात आठवडे मुलीने तिच्या एका प्राध्यापकांच्या ओळखीने आपल्याच शहरातील एका प्रयोगशाळेत काढले. परत आली तेव्हा मी विचारले, काय शिकलीस? ती म्हणाली, "पहिले तीन आठवडे माझी सगळी मापं चुकीची येत होती, काका. दुपारी खोली तापते, आणि तिच्याबरोबर उपकरणही तापतं, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. मग मी पहाटे जाऊन मापं घेतली." हे सांगताना तिचा चेहरा, सव्वा वर्षापूर्वी ते सुबक पत्र हातात घेऊन बसलेल्या मुलीचा नव्हता.

ह्या जानेवारीत तिने पुन्हा अर्ज धाडले आहेत. ह्या वेळी निवेदनात त्या तापणाऱ्या खोलीची हकीकत लिहिली आहे. उत्तरे अजून यावयाची आहेत. ती काय येतील, हे मी सांगू शकत नाही. पण विचारण्याजोगा प्रश्न आता तिच्याजवळ आहे.